गाडी शेवटी घ्या: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी लायसन्स, विमा आणि मग गाडी

ठाण्यात आम्ही गाडी घेतली तेव्हा मी फक्त रंग निवडला होता. विमा, रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट, सगळं शोरूमवाल्याने केलं आणि पेढ्याच्या बॉक्ससकट किल्ली हातात दिली. मिल्टन कीन्सला आल्यावर त्याच भरवशावर मी आधी गाड्या बघायला लागले. अकरा वर्षांची एक टोयोटा यारिस पसंत पडली, साडेतीन हजार पौंडांना. विकणाऱ्याला जवळजवळ हो म्हणून बसले आणि रात्री विम्याची चौकशी केली. वर्षाचा हप्ता १,९४० पौंड. यात माझी काही टायपिंगची चूक झाली असणार म्हणून फॉर्म परत भरला. आकडा तोच.

चूक टायपिंगची नव्हती, क्रमाची होती. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. भाऊ आला, मेहुणा आला, ड्रायव्हर ठेवला, ज्याच्याकडे लायसन्स आहे तो चालवतो. इथे विमा चालवणाऱ्याचा असतो. पॉलिसीवर ज्याचं नाव नाही त्याने गाडी कोपऱ्यापर्यंत नेली तरी ती बिनविम्याची. त्यामुळे गाडी कितीची यापेक्षा तुम्ही कोण, कुठे राहता, लायसन्स कुठलं आणि किती जुनं, यावर हप्ता ठरतो. म्हणून आधी लायसन्सचा विचार, मग विम्याचा अंदाज, आणि गाडी सगळ्यात शेवटी. खालची माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सची आहे. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे.

निघण्याआधी, भारतातच

दोन कागद घेऊन या. पहिला म्हणजे नो क्लेम बोनसचं पत्र. भारतात पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तुम्हाला ५० टक्के सवलत मिळत असते. इथल्या बऱ्याच कंपन्या ती मानत नाहीत, पण काही मानतात, आणि मानली तर फरक मोठा पडतो. माझं पत्र कंपनीने परत पाठवलं. त्यात ‘५० टक्के बोनस’ एवढंच होतं, किती वर्षं क्लेम नाही ते लिहिलेलं नव्हतं. इथे टक्के कोणी विचारत नाही, वर्षं विचारतात. त्यांनी माझी वर्षं शून्य धरली आणि आणखी २४० पौंड मागितले. ठाण्याच्या एजंटला रात्री अकरा वाजता मेसेज करण्यात पंधरा दिवस गेले. तेव्हा पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, आणि त्यात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे, गाडीचा नंबर, पॉलिसी कधीपासून कधीपर्यंत होती, आणि क्लेम नसलेली वर्षं किती, एवढं असू द्या. गाडी दोघं चालवत असलात तरी पत्र निघतं ते ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याचंच.

दुसरा कागद म्हणजे आरटीओकडून लायसन्सचा उतारा. लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ते त्यात दिसतं. नूतनीकरण झालेल्या स्मार्टकार्डावरून इथल्या माणसाला कधीकधी वाटतं की लायसन्स दोनच वर्षांचं आहे. आणि लायसन्सची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण करूनच विमानात बसा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटची गरज नाही. आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, ते चालतं.

बारा महिन्यांचं घड्याळ

भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते. हे बारा महिने तुम्ही इथले रहिवासी झाल्या दिवसापासून मोजायचे, गाडी घेतल्या दिवसापासून नाही. दिवाळीला पुण्याला जाऊन आलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. काही देशांची लायसन्सं इथे सरळ बदलून मिळतात, भारताचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे वीस वर्षं मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवली असली तरी परीक्षा द्यायचीच.

वर्ष खूप मोठं वाटतं. तसं नाही. लेखी परीक्षा पास झाल्याशिवाय प्रत्यक्ष परीक्षेची तारीख घेता येत नाही, आणि बऱ्याच केंद्रांवर ती तारीख काही महिन्यांनंतरची मिळते. माझा सल्ला असा: घराचा पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल लायसन्सचा अर्ज करा. आपल्या लर्निंग लायसन्ससारखं हे. अर्ज डीव्हीएलएकडे जातो, हे स्वान्झीचं कार्यालय म्हणजे इथल्या सगळ्यांचं एकच मोठं आरटीओ. ऑनलाइन ३४ पौंड, पोस्टाने ४३. प्रोव्हिजनल काढलं म्हणून त्या बारा महिन्यांत भारतीय लायसन्सवर एकट्याने चालवायचा हक्क जात नाही. बारा महिने संपले आणि परीक्षा राहिली असेल तर मात्र तुम्ही शिकाऊ. गाडीला लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी एकवीस वर्षांवरचा, तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवायचा.

लेखी आणि प्रत्यक्ष

लेखी परीक्षेची फी २३ पौंड. ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर हवेत. मग धोका ओळखण्याचा भाग असतो: १४ छोट्या चित्रफिती बघायच्या आणि धोका आकार घ्यायला लागला की क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ गुण लागतात. आपली माणसं इथे अडकतात. आपल्याला धोका दिसत नाही असं नाही, तो फार आधी दिसतो. फुटपाथवर उभा असलेला पोरगा बघून आपण क्लिक करून मोकळे. त्यांना तो पोरगा रस्त्याकडे वळल्याचा क्षण हवा असतो. सरावाचं ॲप घेऊन आठवडाभर रोज अर्धा तास बसा, अंदाज येतो. पास झाल्याचा दाखला दोन वर्षं चालतो.

प्रत्यक्ष परीक्षा आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ७५. तारीख सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. जास्त पैसे घेऊन लवकरची तारीख ‘मिळवून देणारे’ बरेच भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. परीक्षेत आधी २० मीटरवरची नंबर प्लेट वाचायची, मग साधारण ४० मिनिटं गाडी चालवायची. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, गंभीर एकही नाही.

तुम्हाला गाडी येते हे खरं, पण शिकवणाऱ्याचे पाच-सहा तास घ्याच. तासाला साधारण ३५ ते ४० पौंड पडतात. ते पैसे गाडी शिकायचे नाहीत, सवयी सोडायचे आहेत. माझ्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत माझ्या चार गोष्टी पकडल्या. उतारावर मी क्लच दाबून गाडी सोडत होते, पेट्रोल वाचवायची आपली जुनी विद्या. लेन बदलताना आरसा बघत होते, पण खांद्यावरून मान वळवून बघत नव्हते. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा ६० मैलांची असताना ३५ने जात होते, आणि तीही चूक धरतात. चौथी मजेशीर. अरुंद गल्लीत समोरून येणाऱ्याने डिपर मारला आणि मी बाजूला थांबले. तोही थांबला. दोघं बघत बसलो. आपल्याकडे डिपर म्हणजे ‘मी येतोय, थांब’. इथे लोक तो ‘तुम्ही या’ म्हणून मारतात. हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तकात, तो फक्त आपण आहोत हे कळवण्यासाठी आहे, पण रस्त्यावरची भाषा ही अशी. आमच्या गावात तर शंभरावर राउंडअबाउट आहेत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि उगाच थांबायचंही नाही, हे अंगवळणी पडायला महिना गेला.

ऑटोमॅटिक गाडीत परीक्षा दिलीत तर पुढे फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. गिअर येत असतील तर मॅन्युअलमध्येच द्या. जुन्या बाजारातल्या स्वस्त गाड्या बहुतेक मॅन्युअल असतात.

विम्याचा फॉर्म

आता विमा, गाडी घ्यायच्या आधी. कम्पेअर द मार्केट, मनीसुपरमार्केट, कन्फ्यूज्ड, गोकम्पेअर या वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळांपैकी दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरायचा. गाडी नाही तर नंबर कुठला घालणार? जाहिरातीतल्या गाडीचा. आवडलेल्या चार गाड्यांचे नंबर घालून बघा, मगच ठरवा. गाड्यांचे विम्यासाठी १ ते ५० असे गट असतात. ह्युंडाई आय१०, किया पिकांटो, फोक्सवॅगन अप असल्या छोट्या गाड्या खालच्या गटांत येतात. मोठी जर्मन गाडी जुनी झाल्यावर इथे स्वस्तात मिळते आणि नवी मंडळी मोहात पडतात. तिचा हप्ता बघितल्यावर मोह जातो.

फॉर्ममधल्या काही ओळी नीट समजून भरा.

लायसन्सचा प्रकार: परदेशी असेल तर परदेशीच लिहा. ‘फुल यूके’ निवडलं की आकडा निम्म्यावर येतो म्हणून तसं भरणारे मला माहीत आहेत. अपघात झाल्यावर कंपनी पहिल्यांदा हेच तपासते. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे मुद्दाम खोटी माहिती दिली असेल तर कंपनी क्लेम नाकारू शकते. आणि कंपनीने पॉलिसी रद्द केली की पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘कधी विमा रद्द झाला होता का’ या प्रश्नाला हो म्हणावं लागतं.

गाडीचा वापर: ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’ म्हणजे भाजी, देऊळ, फिरणं. ऑफिसला जाणार असाल तर त्यात ‘कम्युटिंग’ हवं. गाडी फक्त स्टेशनपर्यंत नेऊन तिथून ट्रेनने लंडनला जात असाल तरी ते कम्युटिंगच. विद्यार्थ्यांनो, खाण्याची पार्सलं पोचवायची असतील तर साधा विमा अजिबात चालत नाही, त्याचा वेगळा घ्यावा लागतो.

विम्याचा प्रकार: आपल्याकडे ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात तो इथे कॉम्प्रिहेन्सिव्ह. थर्ड पार्टी स्वस्त असणार असं धरून चालू नका, बरेचदा कॉम्प्रिहेन्सिव्हच स्वस्त निघतो. सगळे प्रकार लावून बघा.

एक्सेस: क्लेमच्या वेळी पहिले इतके पौंड तुमच्या खिशातून. एक भाग कंपनी ठरवते, दुसरा तुम्ही. तुमचा वाढवला की हप्ता उतरतो. पण साडेतीन हजारांच्या गाडीवर एकूण एक्सेस हजार पौंड ठेवलात तर छोट्या धडकेत विम्याचा उपयोग काय, हे आधी विचारा.

नावं: नवरा-बायको दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं घाला, कधीकधी दुसरं नाव घातल्याने हप्ता कमीच होतो. मात्र मुख्य चालक म्हणून जो खरोखर जास्त चालवतो त्याचंच नाव द्यायचं. अनुभवी माणूस मुख्य दाखवून नवशिक्याला दुय्यम दाखवणं याला इथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगते. क्लेम नसलेली वर्षं साधारणपणे पॉलिसी ज्याच्या नावावर त्यालाच मिळतात. रोज शाळेत मुलांना सोडणार तुम्ही, आणि पॉलिसी सवयीने नवऱ्याच्या नावावर. पाच वर्षांनी स्वतःची गाडी घ्यायला जाल तेव्हा तुमच्या खात्यात शून्य. गाडी तुम्ही जास्त चालवणार असाल तर पॉलिसी तुमच्या नावावर हवी.

विमा सुरू व्हायच्या साधारण तीन आठवडे आधी घेतलेला भाव आदल्या दिवशीच्या भावापेक्षा कमी असतो. हप्ते महिन्याचे केलेत तर ते कर्ज असतं, व्याज अनेकदा वीस टक्क्यांच्या वर जातं. शिवाय इथला क्रेडिट इतिहास नसल्याने नव्या माणसाला ते नाकारतातही. जमलं तर वर्षाचे एकदम भरा. गाडीत यंत्र बसवून तुमचं चालवणं मोजणारी ‘ब्लॅक बॉक्स’ पॉलिसी पहिल्या वर्षी परवडू शकते. जोरात ब्रेक मारायची सवय असेल तर नको.

मग गाडी

ऑटो ट्रेडर या जाहिरातींच्या संकेतस्थळावर गाड्या बघा. जाहिरातीत नंबर प्लेट दिसली की सरकारी संकेतस्थळावर तिचा एमओटी इतिहास फुकट बघता येतो. एमओटी म्हणजे गाडी तीन वर्षांची झाल्यावर दरवर्षी करावी लागणारी तपासणी, आपल्या पीयूसीपेक्षा कितीतरी कडक. पास-नापास सोडा, प्रत्येक वर्षाचं मायलेज आणि खालचे शेरे वाचा. मी बघितलेल्या एका गाडीला एका वर्षी ६१ हजार मैल होते, पुढच्या वर्षी ५४ हजार. मीटर मागे फिरवलेला. दुसरीला तीन वर्षं सलग ‘मागच्या ब्रेक पाइपला गंज’ असा शेरा होता, आणि विकणारा म्हणत होता, काही काम निघणार नाही.

दहा-वीस पौंड भरून खाजगी तपासणीही करा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, पूर्वी ‘कॅट एस’ किंवा ‘कॅट एन’ म्हणून विमा कंपनीने मोडीत काढली होती का, हे त्यात कळतं. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे मोठा दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते. खाजगी माणसाकडून स्वस्त मिळते, पण गाडी जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नव्हती एवढीच तक्रार करता येते. लंडनमध्ये राहत असाल किंवा सारखं जाणार असाल तर गाडी युलेझमध्ये, म्हणजे लंडनच्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्राच्या नियमात, बसते का बघा: धुराच्या मानकाप्रमाणे पेट्रोल किमान युरो ४, डिझेल युरो ६. नाही बसली तर दिवसाला १२.५० पौंड.

बघायला विकणाऱ्याच्या घरी जा, दिवसा, पाऊस नसताना. व्ही५सी हे इथलं आरसी बुक. त्यावरचा पत्ता आणि तुम्ही उभ्या आहात तो पत्ता एकच हवा. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला चॅसी नंबर त्याच्याशी जुळवा. लक्षात ठेवा, व्ही५सीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, म्हणून पैसे दिल्याची सही केलेली पावती घ्या.

खरेदीच्या दिवशी

किल्ली हातात आली तरी लगेच निघता येत नाही. आधी त्या मिनिटापासून विमा सुरू करायचा. मग विकणाऱ्याने डीव्हीएलएला ऑनलाइन कळवायचं आणि व्ही५सीचा हिरवा तुकडा फाडून तुम्हाला द्यायचा. मग तुम्ही रोड टॅक्स भरायचा. जुन्या मालकाने भरलेला टॅक्स ऑक्टोबर २०१४ पासून गाडीबरोबर येत नाही, त्याचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत जातात. एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या बहुतेक गाड्यांना २०२५-२६ साली वर्षाला १९५ पौंड होते. त्याआधीच्या गाड्यांना धुरावर, म्हणून काही जुन्या छोट्या गाड्यांना त्या साली फक्त २० किंवा ३५ होते.

मी विकणाऱ्या आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर हे करत होते आणि टॅक्सचं पान नंबर घेईना. आजोबांनी दोनदा चहा विचारला. शेवटी त्यांनीच चष्मा लावून बघितलं: मी मोठ्या कागदावरचा अकरा आकडी नंबर घालत होते, हवा होता हिरव्या तुकड्यावरचा बारा आकडी.

विम्याशिवाय पाच मिनिटंही चालवू नका. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचून विमा-टॅक्स तपासतात. बिनविम्याला ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट. परीक्षा पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द होतं, आणि प्रोव्हिजनलपासून पुन्हा सगळं.

पहिल्या वर्षात

घर बदललं, नोकरी बदलली, यूके लायसन्स मिळालं, तर विमा कंपनीला कळवा. लायसन्स मिळाल्यावर मला वाटलं होतं भरपूर पैसे परत येतील. बदलाची फी कापून ३१ पौंड आले. खरा फरक नूतनीकरणाला दिसतो.

धडक झाली तर थांबायचं, नाव, पत्ता, गाडीचा नंबर द्यायचा-घ्यायचा, फोटो काढायचे. हे तिथे जमलं नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. क्लेम करायचा नसला तरी कंपनीला सांगायचं, पॉलिसीत तशी अट असते.

वर्ष संपत आलं की नूतनीकरणाचं पत्र येतं. त्यात मागच्या वर्षीचा हप्ताही छापलेला असतो. काही केलं नाही तर बहुतेक पॉलिस्या आपोआप पुढे चालू होतात. जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त भाव लावायला जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, पण ती त्या कंपनीपुरती. दुसरी कंपनी स्वस्त असू शकतेच. मला त्याच यारिससाठी, त्याच पत्त्यावर, यूके लायसन्स आणि एक वर्ष क्लेम नसताना, जुन्या कंपनीने ८९० सांगितले आणि दुसरीने ६१२.